पीसीमध्ये नेमकं कोण कोणाची वाट बघतंय?

गेमिंग पीसीचा नाद असलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "नवीन ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" कार्डच बदलायचं हे विचारणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण गेम दुसऱ्याच कशामुळे रेंगाळत असेल, तर दुप्पट ताकदीचं कार्ड बसवूनही पडद्यावरचा आकडा जागचा हलत नाही. तेव्हा सुटे भाग निवडण्याआधी पीसीच्या आत एक फ्रेम, म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र, कशी तयार होते ते बघून घेऊ. ते कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आपण सगळे एफपीएस मोजतो, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. त्याऐवजी एका फ्रेमला किती वेळ लागला ते मोजा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हव्या असतील तर ६.९, आणि २४० हव्या असतील तर जेमतेम ४.२. एफपीएसच्या आकड्याने डोळे दिपतात ते का, हेही यातून कळतं. ३० वरून ६० वर गेलात तर दर फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद वाचतात आणि तो फरक कुणालाही जाणवतो. १४४ वरून २४० वर गेलात तर आकडा तब्बल ९६ ने वाढतो, पण वाचतात फक्त २.८ मिलिसेकंद. पैसे मात्र दुसऱ्या उडीलाच जास्त लागतात.

एवढ्याशा वेळात दोघांना आपापलं काम उरकायचं असतं. पहिला प्रोसेसर. तुम्ही माऊस हलवला, बटण दाबलं. त्यावरून तुमचं पात्र कुठे सरकलं, शत्रू आता काय करणार, गोळी कशावर आदळली, लाथ बसलेलं पिंप कुठे घरंगळलं, हे सगळं तो ठरवतो. मग या क्षणी काय काय दिसायला हवं ते हेरून ग्राफिक्स कार्डाला एकामागून एक हुकूम सोडतो: हे काढ, ते काढ. या हुकमांना ड्रॉ कॉल म्हणतात आणि मोठ्या गेममध्ये एका फ्रेमला ते हजारोंच्या घरात जातात. दुसरं ग्राफिक्स कार्ड. ते हुकमाबरहुकूम आकार मांडतं, त्यांवर पोत चढवतं, उजेड आणि सावल्यांचा हिशेब करतं आणि पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवतं.

दोघं एकाच वेळी कामात असतात. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. गवंडी भिंत रचतोय आणि बिगारी त्याला विटा आणून देतोय, तसं. विटा वेळेवर आल्या नाहीत तर कितीही चपळ गवंडी हातावर हात ठेवून बसणार. गवंडी संथ असेल तर विटांचा ढीग साचणार. म्हणून दोघांच्या वेळेची बेरीज करायची नसते. ज्याला जास्त वेळ लागतो, त्याचाच वेळ तो फ्रेमचा वेळ.

आकडे घालून बघू. समजा प्रोसेसरला एका फ्रेममागे ७ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १२. फ्रेम दर १२ मिलिसेकंदांनी येणार, म्हणजे सुमारे ८३ एफपीएस. आता दुप्पट वेगाचं कार्ड बसवलं. त्याला ६ मिलिसेकंद पुरतात. १६६ एफपीएस व्हायला हवेत, पण मिळतात १४३ च्या आसपास, कारण आता प्रोसेसरचे ७ आडवे येतात. आणखी दुप्पट वेगाचं कार्ड घेतलं, ३ मिलिसेकंदांत काम संपवणारं, तरी १४३ च. पैसे वाया कसे जातात ते दाखवायला मला याहून बरं उदाहरण माहीत नाही.

यालाच सगळे बॉटलनेक म्हणतात आणि शब्द असा उच्चारतात जणू पीसीला रोग जडलाय. बॉटलनेक प्रत्येक पीसीत, प्रत्येक क्षणी असतो; नसता तर फ्रेम अनंत वेगाने आल्या असत्या. प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की "तुमचा बॉटलनेक इतके टक्के" असं सांगणारी कॅल्क्युलेटरं इंटरनेटवर आहेत, त्यांना माझ्या मते काडीचाही अर्थ नाही. त्याच दोन भागांची जोडी एका गेममध्ये प्रोसेसरवर अडते आणि दुसऱ्यात कार्डावर. फार कशाला, एकाच गेममध्ये मोकळ्या मैदानात कार्डावर आणि गजबजलेल्या बाजारात प्रोसेसरवर अडते.

मग आपल्याकडे कोण अडतंय ते ओळखायचं कसं? घरच्या घरी, फुकटात होतं. गेममध्ये जिथे त्रास होतो तिथे उभे राहा, आकडा बघा आणि रिझोल्यूशन उतरवा. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८०पीच्या बरोब्बर चौपट. हे सगळे पिक्सेल रंगवायचं ओझं कार्डावर पडतं. प्रोसेसरला त्याचं सोयरसुतक नसतं. शत्रू छोट्या पडद्यावर दिसो की मोठ्या, तो कुठे पळणार हे ठरवायला तेवढीच मेहनत पडते. तेव्हा रिझोल्यूशन उतरवल्यावर एफपीएस उसळले तर कार्ड अडत होतं. ढिम्म राहिले तर प्रोसेसर, किंवा त्याला माल पुरवणारी रॅम.

या चाचणीतून एक गंमतही उलगडते. नव्या प्रोसेसरची परीक्षा घेणारे जाणते लोक सगळ्यात भारी कार्ड लावून मुद्दाम १०८०पीवर का खेळतात? "एवढं कार्ड घेऊन १०८०पीवर कोण खेळतं?" असा प्रश्न दर वेळी उठतो. कार्डाला वाटेतून बाजूला सारलं तरच प्रोसेसरची खरी धाव दिसते, म्हणून. ४केवर मोजलं तर पाच वेगवेगळे प्रोसेसर एकाच आकड्यावर येऊन थांबतील, कारण सगळेच कार्डाची वाट बघत बसलेले असतील.

सतत नजर ठेवायची असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबतचा रिव्हाट्यूनर, कॅपफ्रेमएक्स किंवा इंटेलचा प्रेझेंटमॉन, ही साधनं फुकट मिळतात. फ्रेमची मर्यादा लावलेली नसताना जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचा, वापर ९५ ते ९९ टक्के दिसला तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबतंय. तो ६०-७० टक्क्यांवर लोळत असेल तर कुणीतरी त्याला ताटकळत ठेवलंय. प्रोसेसरचा आकडा वाचताना मात्र सावध राहा. "माझा प्रोसेसर फक्त ३० टक्के वापरला जातोय, म्हणजे तो अडत नाही" हा निष्कर्ष सर्रास काढला जातो आणि सर्रास चुकतो. ८ कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि १६ थ्रेडच्या (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण जुंपला गेला तर एकूण वापर दिसतो जेमतेम ६ टक्के. बहुतेक गेमचा मुख्य गाडा एकदोन थ्रेडवरच चालतो. ते दोन थ्रेड घामाघूम झाले असतील आणि बाकीचे चौदा झोपा काढत असतील, तरी एकूण आकडा शांतच दिसेल. म्हणून प्रोसेसरचा एकूण आकडा सोडा आणि जीपीयूचा बघा. तो जास्त खरं बोलतो.

खरं न बोलणारा आणखी एक आकडा म्हणजे सरासरी. एका सेकंदात ५९ फ्रेम झरझर आल्या आणि एक फ्रेम पाव सेकंद अडकली, तर सरासरी छान दिसेल आणि हाताला मात्र खणखणीत हिसका बसेल. २०११ मध्ये द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून एकेका फ्रेमचा वेळ मांडायला सुरुवात केली आणि कार्डांची परीक्षा घेण्याची पद्धतच त्यानंतर बदलली. आज चांगल्या चाचण्यांमध्ये सरासरीशेजारी "१ टक्का लो" असा आकडा असतो. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम किती वेगाने आल्या ते त्यातून कळतं. सरासरी १२० आणि १ टक्का लो ४० असलेल्या पीसीपेक्षा सरासरी ९० आणि लो ७५ असलेला पीसी मी केव्हाही पसंत करीन.

आता माझ्या आवडीचा विषय: कॅश. प्रोसेसर वेगवान आहे म्हणजे काय, तर ४.५ गिगाहर्ट्झचा कोर सेकंदाला साडेचार अब्ज टिचक्या मारतो. पण एखादी माहिती रॅममधून आणायची असेल तर साधारण ७०-८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तीनशेहून जास्त टिचक्या. तेवढा वेळ त्या कामाला खीळ. ही खीळ टाळायला प्रोसेसरच्या पोटातच थोडीशी फार चपळ मेमरी ठेवलेली असते, ती कॅश. त्यातल्या सगळ्यात मोठ्या थराला, एल३ला, रॅमच्या तुलनेत अगदी थोडा वेळ लागतो. आणि गेम तर सतत इकडून तिकडे उड्या मारत माहिती मागत असतो: हे पात्र, ते झाड, ती गोळी. जेवढी जास्त माहिती कॅशमध्ये मावेल तेवढी रॅमकडचे हेलपाटे कमी.

एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला तो याच तर्कावर. आधीच्या ५८००एक्समध्ये ३२ मेगाबाइट एल३ कॅश होती; नव्यात चिपच्या डोक्यावर आणखी ६४ मेगाबाइटचा थर रचून ती ९६ केली. कोर तेवढेच, आठ. घड्याळ तर उलट मंदावलं: ४.७ गिगाहर्ट्झवरून ४.५ वर, कारण वर रचलेल्या थरामुळे खालच्या कोरची उष्णता निघायला अडचण होत होती. कागदावर बघाल तर हा संथ प्रोसेसर, आणि व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात तो खरोखरच किंचित मागे पडतो. गेममध्ये मात्र त्याने भल्याभल्यांना घाम फोडला. फॅक्टोरिओ, फ्लाइट सिम्युलेटर यांसारख्या प्रोसेसरचा जीव खाणाऱ्या गेममध्ये फरक विशेष जाणवला. २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये कॅशचा थर कोरच्या खाली सरकवला, त्यामुळे उष्णतेची ती अडचणही बरीच सुटली.

या कहाणीचा हौशी लोकांना भावलेला भाग वेगळाच आहे. रायझन आणि त्याचे एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) मदरबोर्ड २०१७ मध्ये बाजारात आले. २०२२ मध्ये एएमडीने त्या पहिल्या पिढीच्या बोर्डांवरही ५८००एक्स३डी चालवायची वाट मोकळी केली. बोर्ड बनवणाऱ्याने नवा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दिला असेल तर तोच बोर्ड, तीच रॅम, फक्त प्रोसेसर काढून नवा बसवायचा आणि पाच वर्षांचं अंतर एका संध्याकाळी कापायचं. हे प्रत्येकाच्या नशिबी नसतं. इंटेलचा एलजीए११५१ सॉकेट घ्या: २०१५ च्या सहाव्या पिढीचा आणि २०१७ च्या आठव्या पिढीचा प्रोसेसर, दोन्हींच्या संपर्कांची संख्या तीच, सॉकेटचं नावही तेच, पण आठव्या पिढीला नवाच मदरबोर्ड लागायचा. म्हणून प्रोसेसर घेताना सॉकेटच्या नावावर विसंबू नका. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी असते आणि कुठला बायोस लागेल हेही तिथे लिहिलेलं असतं. बायोस आधी चढवायचा, जुना प्रोसेसर मग काढायचा. उलट केलंत तर पीसी चालूच होणार नाही.

काही खरेदी करण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या, त्यांना दमडी लागत नाही. पहिली, रॅमचा वेग. डब्यावर डीडीआर४-३२०० छापलेलं असतं, पण बायोसमध्ये एक्सएमपी हा पर्याय चालू केला नाही तर पुष्कळदा ती २१३३ किंवा २४०० वरच धावते. डीडीआर५च्या एएमडी बोर्डांवर त्याच पर्यायाला एक्स्पो म्हणतात. शिवाय रॅमची एकच पट्टी असेल तर ३२०० च्या वेगाला सेकंदाला २५.६ गिगाबाइट मिळतात, दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर ५१.२. चार खाचांच्या बोर्डावर त्या योग्य खाचा सहसा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. दुसरी गोष्ट, मॉनिटर. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर विंडोजने ६० वर लावून ठेवल्याचं महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही; डिस्प्लेच्या प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन तो बदलावा लागतो. तिसरी सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगतोच: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना? मदरबोर्डला लावली असेल तर गेम बहुधा प्रोसेसरमधल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर चालत असेल आणि ते भलंमोठं कार्ड शोभेला बसलं असेल.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं, व्हीरॅमचं, दुखणं वेगळ्या प्रकारचं असतं. ती पुरते तोवर काहीच कळत नाही आणि संपली की एकदम खड्डा. आरटीएक्स ३०६० च्या १२ गिगाबाइटच्या कार्डावर व्हीरॅमचा वेग सेकंदाला ३६० गिगाबाइट आहे. ती भरली की जादाची टेक्स्चरं (आकारांवर चढवायचे पोत) साध्या रॅममध्ये जातात आणि तिथून कार्डाला बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने यावी लागतात. चौथ्या पिढीच्या पूर्ण १६ लेनवरही ही वाट सुमारे ३२ गिगाबाइटचीच. अकरापट अरुंद. सरासरी फारशी पडत नाही, पण वळणावळणावर हिसके बसतात, किंवा भिंतींवर चिखल फासल्यासारखी धूसर टेक्स्चरं दिसत राहतात. उपाय सोपा: टेक्स्चरची सेटिंग एक पायरी उतरवा, बाकी सगळं तसंच ठेवा. टेक्स्चर मेमरी खातं, कार्डाची ताकद फारशी खात नाही, त्यामुळे ज्या कार्डाला मुबलक व्हीरॅम आहे त्याने ती सेटिंग बिनधास्त चढवावी.

एसएसडीबद्दल थोडक्यात. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर या. तो बदल मोठा आहे. साटा एसएसडीवरून (सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास) ७००० मेगाबाइटवाल्या एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर गेलात तर गेम बारापट लवकर उघडेल अशी आशा मात्र धरू नका. उघडण्याच्या वेळात डिस्कइतकंच काम प्रोसेसरचंही असतं. एफपीएसमध्ये तर बहुतेक वेळा काहीच फरक पडत नाही.

पॉवर सप्लायनेही एफपीएस वाढत नाहीत, आणि तरीही त्यावर काटकसर करणाऱ्यांची मला चिंता वाटते. ८० प्लसचा सोनेरी बिल्ला फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतो. आतलं बांधकाम कसं आहे याची तो हमी देत नाही. आताची मोठी कार्डं सरासरी ३०० वॅट घेत असली तरी क्षणार्धात त्याच्या कितीतरी वर उसळी मारतात आणि कमकुवत सप्लाय घाबरून पीसीच बंद करतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात यावर अट आली: अशा सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. त्याच वर्षी आलेल्या ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० चे नवे १६ पिनांचे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. सुधारित प्लगमध्ये खुणेच्या (प्लग नीट बसलाय का ते कार्डाला कळवणाऱ्या) पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड वीजच ओढणार नाही. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहिण्याजोगी: सप्लाय बदललात तर जुन्याच्या सुट्या केबली नव्याला लावू नका. सप्लायच्या बाजूचं टोक दिसायला सारखं असलं तरी आतली जोडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. चुकीची लावली तर डिस्क जळतात.

मधल्या काळात आणखी एक पर्याय पुढे आलाय, ज्यात हार्डवेअर बदलावंच लागत नाही. डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस ही तंत्रं गेम कमी रिझोल्यूशनवर काढून मग मोठा करतात. यामुळे ओझं कार्डाचं हलकं होतं. प्रोसेसर अडत असेल तर काहीच लाभ नाही, हे आता वेगळं सांगायला नको. फ्रेम जनरेशन निराळं. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक अंदाजाने काढलेली फ्रेम घुसवतं, त्यामुळे प्रोसेसर अडत असला तरी आकडा फुगतो. पण त्या मधल्या फ्रेमला तुमच्या माऊसची खबर नसते. ५० चे ९० दिसले तरी हाताला वेग पन्नासचाच लागतो, उलट किंचित जडच, कारण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते. जाहिरातीतल्या दुपटी-तिपटीच्या आलेखात खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते म्हणूनच वाचावं.

नवा भाग बसवून झाला की पुन्हा मोजा, कारण अडण्याची जागा आता सरकलेली असेल. ती कार्डावर आली असेल तर उत्तम. सेटिंग्ज वरखाली करून हाताळायला तीच सगळ्यात सोपी. फक्त कार्ड सतत ९९ टक्क्यांवर राहिलं की प्रोसेसरने तयार केलेल्या फ्रेमांची त्याच्या दाराशी रांग लागते आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. एनव्हिडियाचं रिफ्लेक्स आणि एएमडीचं अँटी-लॅग ही रांग लागू देत नाहीत. हाताने करायचं तर फ्रेमची मर्यादा कार्डाला सहज झेपेल एवढी आणि मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा थोडी खाली लावायची. रिफ्लेक्स, आणि कार्ड व मॉनिटरची चाल जुळवणाऱ्या जी-सिंक आणि व्ही-सिंक या सोयी, तिन्ही चालू असताना १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर आकडा १३८ च्या पुढे जात नाही तो याचमुळे. कार्डात काही बिघडलेलं नसतं.